पिस्तूल कुणाचं?

टनल रिज, इंडियाना
रविवार, २ एप्रिल

ट्रुडी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. मला हे कुणाला तरी सांगायचंच आहे आणि गावातल्या सगळ्यांना सांगून झालं आहे.

काल मी नेमबाजी क्लबच्या उंदीर सामन्यात उतरले! मी, तुझी बहीण! अठ्ठावीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये पोरांच्या ताटात घेवडा वाढण्यापलीकडे जिने कशावर नेम धरला नाही, ती!

तू गाव सोडलंस तेव्हा हा प्रकार नव्हता. ओडेल प्रेदर यांनी सुरू केला. आठवतात ना, डॅडींबरोबर कारखान्यात साचे करायचे ते? आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि पूर्वीइतकेच खवट. उंदीर म्हणजे खिशात मावणारी, पॉइंट टू टू बोअरची चिमुकली पिस्तुलं. ओडेलकडे तंबाखूचा एक पत्र्याचा डबा आहे. पिस्तूल आत ठेवून झाकण लागलं तर तो उंदीर, नाही लागलं तर घरी जा. सात पावलांवर दोरी बांधलेली, दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेली चीझची बिस्किटं, मागे मातीचा बांध. पाच गोळ्या उजव्या हाताने, पाच डाव्या हाताने. जिंकेल त्याला फळीवर ठोकलेला खराखुरा उंदराचा सापळा, महिनाभर घरात मिरवायला.

ट्रुडी, पहिलं बिस्कीट फुटलं ना, तेव्हा चिमट्यात फक्त कोपरा उरला आणि पिवळा भुगा हवेत तरंगत राहिला. मी इतक्या जोरात किंचाळले की कानावर संरक्षक लावलेले लोकसुद्धा वळले. एवढीशी वस्तू! तळहातात झाकली जाते, आवाज टिचकीएवढा, आणि तरी सात पावलांवरचं बिस्कीट माझं ऐकतं! एकोणसाठ वर्षांत माझं कुणी इतक्या पटकन ऐकलेलं नाही. दहात तीन मारली. शेवटून दुसरी आले. घरी येताना गाडीत गात होते.

एक गंमत सांगायची राहिली. गोळी झाडण्याआधी ओडेल प्रत्येकाला ओरडून विचारतात, ‘पिस्तूल कुणाचं?’ अर्धी पिस्तुलं कुणाच्या तरी आजीची नाहीतर वारलेल्या सासऱ्याची असतात. ज्याचं असेल त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, मग सगळे टेबलावर थाप मारतात. केस कापायचं दुकान चालवणारी बर्निटा फ्लक म्हणाली, ‘माझ्या दुसऱ्या नवऱ्याचं, आणि देव त्याला आहे तिथेच ठेवो!’ टेबल मोडायचं बाकी होतं. मला विचारलं तेव्हा मी ‘माझंच’ म्हटलं. थाप कुणी मारली नाही. असो.

नऊ वर्षं झाली. डॅडींच्या अंत्यविधीनंतर स्वयंपाकघरात तू काय म्हणालीस आणि मी काय म्हणाले, सगळं मला पाठ आहे. तरी कालचं तुलाच सांगावंसं वाटलं, कारण या घरात नेमबाज तू होतीस. ऑक्टोबरात शेवटचा सामना असतो, बाहेरगावचेही उतरतात. ये ना.

व्हर्लीन


रविवार, ७ मे

ट्रुडी,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनंतर दोन शब्द, आणि तेही चौकशीचे! ‘कुठलं पिस्तूल?’

एक जुनं आहे. नळी वर उघडणारं, त्या इटलीच्या जातीचं. या भागात अशी ढिगाने मिळतात.

आता महत्त्वाचं ऐक. या पिस्तुलांचे नखरे मला कुणी आधी सांगितलेच नव्हते! काडतुसं दिसायला सगळी सारखी, पण एका उंदराला जी चालतात ती दुसऱ्याला चालत नाहीत. मी आठ कंपन्यांची आणली. अंड्यांच्या खोक्यात प्रत्येक खणात एकेक जात, वर चिठ्ठी, आणि बुधवारी सकाळी सगळा सरंजाम घेऊन बांधावर गेले. पहिलं चालेना. दुसऱ्याचं टरफल अर्ध्यातच अडकलं. तिसऱ्याने नुसतं खट्ट केलं आणि गप्प. सातव्याला मात्र काय झालं कुणास ठाऊक, सातच्या सात सुटली, एका दमात, पाय आपटून नाचावंसं वाटलं! शाळेत मी साडेतीनशे पोरांना एकच जेवण वाढलं आणि कुणी नाक मुरडलं तर दटावलं. या बोटभर वस्तूपुढे मी हात जोडून सातवा पदार्थ घेऊन उभी होते.

काल सात मारली. सात! डाव्या हाताने तीन! बर्निटाने आठ मारली आणि सापळा तिच्याचकडे राहिला.

‘व्हर्लीन, तुझ्या हातात कढईचा दांडा दिला तर बरा नेम लागेल,’ ती म्हणाली.

‘लागेल ना,’ मी म्हटलं, ‘फक्त बिस्किटांच्या जागी तू उभी राहा.’

ओडेल हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

जरा एक कटकट आहे. काडतूस पूर्ण आत बसत नाही. केसभर बाहेर राहतं, अंगठ्याने ढकलावं लागतं. पुढच्या वेळी ओडेलना दाखवते.

तिकडे स्पोकेनमध्ये थंडी संपली का? तू अजून त्या रोपवाटिकेत काम करतेस का? उत्तर दोन शब्दांचं असलं तरी चालेल. ‘मरू दे’ हेसुद्धा दोनच शब्द होतात.

व्हर्लीन


रविवार, ४ जून

ट्रुडी,

बसून वाच.

काल सामन्याआधी मी ओडेलना पिस्तूल दाखवलं. त्यांनी नळी वर उघडली, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, ‘व्हर्लीन, हे रिकामं कोण दाबतं?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे काडतूस नसताना चाप कोण ओढतं? इथे बघ, नळीच्या काठावर.’ मी भिंगातून पाहिलं. काठावर एक खड्डा होता आणि त्याच्या बाजूचं पोलाद आत रेटलं गेलं होतं. ‘मोठ्या पिस्तुलात ठोका देणारी सुई काडतुसाच्या मध्यावर बसते. रिकामं दाबलं तर जाते हवेत. हिची बसते काठावर, कारण या काडतुसांची दारू काठात असते. काडतूस नसलं की नळीवरच घाव पडतो. सहा वर्षांच्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही हे.’

‘एखाद-दोनदा झालं असेल,’ मी म्हटलं.

‘एखाद-दोनदा? बाई, मी चाळीस वर्षं पोलाद कापलंय. हजारो वेळा ठोकलंय हे. कुणीतरी वर्षानुवर्षं ठोकलंय. आणि तू तर म्हणालीस, मार्चमध्ये घेतलं.’

त्यांनी मुठीचे काळे प्लास्टिकचे तुकडे काढले. आतला स्क्रू बाहेर आला तसा त्यांनी तो बोटांत फिरवला आणि खुर्चीत बसले.

‘हा स्क्रू मी कातलाय. मूळचा हरवला होता म्हणून. ऑर्विलच्या पिस्तुलासाठी.’

ऑर्विल. आपले डॅडी. बर्निटा काडतुसं मोजत होती ती थांबली.

‘तू सांगितलंस त्याने ते विकलं म्हणून,’ ओडेल म्हणाले. ‘अंत्यविधीच्या जेवणाला. मी तुझ्या समोर बसलो होतो. तुझा हात बायबलवर होता. आणि तुझी बहीण ताट तसंच टाकून उठून गेली.’

आता हे तुला माझ्या हातून लिहून हवं, म्हणून लिहिते. पिस्तूल मी लपवलंय असं तू म्हणालीस, ते खरं होतं. मी खोटं बोलत होते. पिस्तूल मीच घेतलं. डॅडींना पुरलं त्याच सकाळी, त्यांच्या खणातून. पिठाच्या डब्यात ठेवलं. तू घरभर शोधत होतीस तेव्हा त्याच पिठाची बिस्किटं मी पाहुण्यांना वाढत होते. मार्चमध्ये सामन्याला जायचं ठरवलं तेव्हा अक्रोडाची मूठ काढून प्लास्टिकची लावली, कुणी ओळखू नये म्हणून. एवढी अक्कल होती, आणि रिकामं दाबू नये एवढी नव्हती!

हो, ते घाव माझेच. रोज संध्याकाळी टीव्हीवर हवामान सांगणारा तो दात काढणारा माणूस यायचा, आणि मी खुर्चीत बसून त्याच्यावर नेम धरायचे. खट्ट. पाऊस येणार म्हणाला, खट्ट. नऊ वर्षं. त्याचं काही बिघडलं नाही, पिस्तुलाचं बिघडलं.

का घेतलं, तेही सांगते. तू चौदाची होतीस तेव्हा डॅडी तुला दर शनिवारी जुन्या खाणीवर न्यायचे, याच पिस्तुलाने डबे उडवायला. मी बावीसची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि कुणीतरी बटाटे सोलायला हवे होते. तुम्ही दोघं यायचात, हातांना बंदुकीच्या दारूचा वास, तोंडभर हसू, आणि तू म्हणायचीस, ‘जेवायला काय आहे?’ मला एकदाही विचारलं नाही त्यांनी, ‘व्हर्लीन, येतेस का?’ एकदाही नाही. मी आले असते गं. मी धावत आले असते. मग तू गेलीस, त्यांना झटका आला, अकरा वर्षं मी त्यांना भरवलं, पुसलं, उचललं. आणि ते पिस्तूल तुला.

ओडेलनी एक निमुळतं हत्यार काढून नळीत फिरवलं, आत रेटलेली कड दाबून बसवली. अर्धा तास लागला. काडतूस आता आत असं बसतं की जीव सुखावतो. पिस्तूल फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिलं.

‘दुरुस्त झालंय. पण इथे ते तुझ्या हातून उडणार नाही. जिचं आहे तिने सांगेपर्यंत नाही.’

सगळं लिहिलं. आता लपवलेलं काही उरलं नाही.

व्हर्लीन


रविवार, १६ जुलै

ट्रुडी,

उत्तर नाही. मान्य. मीसुद्धा दिलं नसतं.

पिस्तूल तुला पाठवलं आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात असं सरळ टपालात टाकता येत नाही, परवानेवाल्या दुकानदाराने दुकानदाराकडे पाठवावं लागतं. तुझ्या घराजवळचं दुकान इथल्या माणसाने शोधून दिलं. ओळखपत्र घेऊन जा. अक्रोडाची मूठ परत लावली आहे, स्क्रू ओडेलचाच. सोबत सातव्या जातीच्या काडतुसांची दोन खोकी वेगळी येतील. दुसरी घालू नकोस, रुसतं ते.

दुकानात काउंटरवर ठेवताना हात सुटेना माझा. लबाडी नाही करत, खरंच सांगते. तीन महिने मी त्या वस्तूमुळे सकाळी उठून आधी खिडकीतून आभाळ बघत होते, बांधावर जाता येईल का म्हणून. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, आता सोडा.’ सोडलं.

आणि तरी ऐक! उंदीर सामना सुटला नाही! बर्निटाने तिच्या पहिल्या नवऱ्याचं पिस्तूल उसनं दिलं. तिच्याकडे नवऱ्यागणिक एक आहे. हे इतकं कुरूप आहे की डब्यालासुद्धा झाकण लावताना वाईट वाटतं. दहात दोनदा तरी नुसतं खट्ट करतं. पण मला युक्ती कळली आहे: न उडालेलं काडतूस काढायचं, जरा फिरवून परत घालायचं, सुई काठाच्या दुसऱ्या जागी बसते आणि उडतं! जुलैच्या सामन्यात असंच फिरवून फिरवून सहा मारली. ओडेलनी विचारलं, ‘पिस्तूल कुणाचं?’ मी ओरडले, ‘बर्निटाच्या पहिल्या नवऱ्याचं!’ आणि थाप पडली, ट्रुडी. माझ्यासाठी पहिली थाप.

मी काही मागत नाही. फक्त दुकानातून घेऊन जा.

व्हर्लीन


रविवार, १० सप्टेंबर

ट्रुडी! ट्रुडी! ट्रुडी!

आधी क्रमाने सांगू दे, नाहीतर मी कागद फाडेन.

ऑगस्टभर मी इथल्या दुकानदाराला फोन करत होते. ‘नेलं का?’ ‘नाही, मॅडम.’ ‘आज?’ ‘मॅडम, नेलं की मीच कळवतो.’ शेवटी सव्वीस दिवसांनी त्याचा फोन आला, नेलं. मी गॅस बंद करून पायरीवर जाऊन बसले. मग दोन आठवडे पुन्हा काहीच नाही. वाटलं, गटारात फेकलं असणार. तिचं आहे, फेकेल.

आणि काल सामन्याहून आले तर पेटीत तुझं पाकीट! आत चीझच्या बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर सात भोकं, माझ्या अंगठ्याखाली सातही झाकली जातात! आणि खाली पेन्सिलने: ‘सामना किती तारखेला?’

सात तारखेला! सात ऑक्टोबर, शनिवार, सकाळी नऊ! मी पुठ्ठा घेऊन तशीच ओडेलकडे गेले. त्यांनी भिंग लावून पाहिला. ‘ऑर्विलने शिकवलंय,’ म्हणाले, आणि मिशा अगदी कानापर्यंत गेल्या. बर्निटा म्हणाली, ‘ही बाई सामन्यात आली तर माझा सापळा गेला.’ मी म्हटलं, ‘गेलाच समज!’ आपण हरलो तरी चालेल असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

विमानाने येतेस की गाडीने? तुझी खोली झाडून ठेवली आहे. उशी बदलली. पर्सिमनची फळं यंदा लवकर पिकली आहेत, झाडाखाली सडा पडलाय, पुडिंग करते. तुला आल्याबरोबर भूक लागेल. काहीही बोलायला लागणार नाही. नुसती ये.

व्हर्लीन


शनिवार, ७ ऑक्टोबर
स्वयंपाकघरातून, सकाळचे साडेसहा

ट्रुडी,

तू भिंतीपलीकडे झोपली आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. वेड्यासारखंच आहे, पण गुरुवारपासून आपण जे बोललो ते मी मोजलं. दारात तू म्हणालीस, ‘पायरी अजून करकरते.’ मग ‘टॉवेल कुठे आहेत?’ मग ‘मीठ दे.’ काल जेवताना पुडिंग दोनदा घेतलंस आणि काहीच म्हणाली नाहीस. तीन दिवस गाडी चालवून कुणी मीठ मागायला येत नाही, हे मला कळतं. तू वाट बघते आहेस. मीही बघते आहे. तोंड उघडलं की माझ्याकडून पुन्हा काहीतरी विनोद होईल, म्हणून लिहिते.

जूनमध्ये लिहिलं होतं, लपवलेलं काही उरलं नाही म्हणून. उरलं होतं.

पिस्तूल मी खणातून घेतलं नाही. डॅडींनी ते माझ्या हातात दिलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट होते. म्हणाले, ‘छोटं ट्रुडीला दे. आणि तिला सांग, ती गेली ते बरोबर केलं. मी रागावलो नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही गेलो असतो.’

एवढंच. तू वीस वर्षं समजत होतीस की ते तुझ्यावर रागावलेले आहेत. शवपेटीशी उभी राहून तू मला विचारलंस, ‘शेवटी माझं नाव काढलं का?’ आणि मी म्हटलं, ‘नाही.’

पिस्तूल परत करता येतं. हे कसं करायचं मला कळत नाही.

मी त्यांची नखं कापत होते तेव्हा, ट्रुडी. तळहात माझ्या मांडीवर होता. आणि ते म्हणाले, जाणं बरोबर होतं. मग मी जी राहिले, तिने काय केलं होतं? हे विचारायला मी तोंड उघडलं आणि त्यांनी डोळे मिटले. त्या निरोपात माझ्यासाठी एक शब्दही नव्हता, म्हणून मी तो तुलाही मिळू दिला नाही. नऊ वर्षं मी पिस्तूल लपवलं असं सगळ्यांना वाटतं. मी ते वाक्य लपवत होते.

मला माफ कर. मला फार वाईट वाटतं. हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, म्हणून नीट जमलं की नाही माहीत नाही.

आज जायचं नसेल तर तसं सांग. मी ओडेलना फोन करीन. रागावून परत निघालीस तर डबा बांधून देते, वाटेत खायला. पण जायचं असेल तर, बाहेर बघ, आभाळ निळं आहे, वारा अजिबात नाही, पानसुद्धा हलत नाही! असा दिवस सगळ्या उन्हाळ्यात मिळाला नव्हता.

हे तुझ्या दाराखालून सरकवते आणि अंगणात जाऊन उभी राहते.

व्हर्लीन


(त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलने)

व्हर्ल,

तीनदा वाचलं. हे मी माफ करीन की नाही, मला माहीत नाही. आज विचारू नकोस.

पण त्यांनी तुला जे सांगायला हवं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, आणि मला ते मी गाव सोडलं तेव्हापासून ठाऊक आहे. मला जाता आलं, कारण तू राहणार होतीस. बाविसाव्या वर्षी बॅग भरताना मी क्षणभरही विचार केला नाही की डॅडींना कोण बघेल.

तुझे बूट जिन्यात आहेत. घाल. मी गाडी सुरू करते आहे.